सुटलेल्या टाक्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच झिजून गेली. मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात मी तयार झाले, तेव्हा मोठे युद्ध संपून नऊ वर्षे झाली होती आणि कारखान्यातल्या निम्म्या बायका विधवा होत्या. त्यांचे हात खरबरीत होते, पण माझी सुई त्यांनी फार हळुवारपणे बसवली. पहिला दोरा ओवून एका बाईने चिंधीवर सरळ टीप घातली, ती उजेडाकडे धरून पाहिली आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

व्होल्गा नदीकाठच्या झारेचिन्स्क नावाच्या गावात मी बर्फावरून घसरगाडीत बसून आले. क्लाव्हदिया नावाच्या बाईने मला विकत घेतले होते. तिची मुलगी रायसा सात वर्षांची होती. पाय पायडलपर्यंत पोचत नसत, म्हणून ती उभी राहून मला चालवायची. पुढे ती गावातल्या कपड्यांच्या गिरणीत शिलाईकाम करू लागली. दिवसभर तिथे शिवून आली तरी घरी माझ्यापुढे बसायचीच. तिच्या लग्नाचा पोशाख मी शिवला, तिच्या मुलाची, वालेरीची, दुपटी मी शिवली, आणि अर्ध्या गल्लीचे पडदेही मीच शिवले. शेजारणी म्हणत, रायसाच्या मशीनची टीप म्हणजे सरळ रेघ. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग एके दिवशी देशाचे नावच बदलले. गिरणीचा भोंगा वाजेनासा झाला. संध्याकाळी वीज जाई. जिन्यात दारू पिऊन पडलेली माणसे ओलांडून घरी यावे लागे. त्या हिवाळ्यात रायसाने लष्करी घोंगड्या उसवून वालेरीसाठी कोट शिवला. ती जाड घोंगडी चार पदरी करून माझ्या सुईखालून ओढताना माझ्या आतला एक दांडा किंचित वाकला. तेव्हापासून दर बाराव्या-तेराव्या टाक्याला माझा एक टाका सुटतो आणि तिथे दोरा लांब पडतो. मशीन दुरुस्त करणारा माणूस गाव सोडून गेला होता. रायसा म्हणाली, चालेल. मी शिवलेले हातमोजे घेऊन ती बाजारात बर्फात उभी राही आणि त्यांच्या बदल्यात बटाटे घेऊन येई. त्या वर्षांत तिचा नवरा गेला. औषध मिळाले असते तर वाचला असता, असे ती आजही म्हणते.

नव्या शतकाच्या तोंडावर देशाला नवा प्रमुख मिळाला. हळूहळू दिवे जायचे थांबले. दुकानात औषधे आली. जिन्यातला बल्ब कोणी चोरेनासे झाले. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, मित्रांनो. पण अंधाऱ्या जिन्यातून दहा वर्षे चाचपडत घरी आलेल्या बाईला तो बल्ब विसरता येत नाही. रायसाच्या मनात त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल जी कृतज्ञता बसली ती बसलीच.

त्याच सुमारास वालेरीला मुलगी झाली. तिचे नाव उल्याना, पण सगळे तिला उल्या म्हणत. ती पाच वर्षांची असताना तिची आई वारली. वालेरी बस चालवायचा, पहाटे जायचा, त्यामुळे उल्या आजीकडेच वाढली. माझ्या पायडलखाली बसून ती बटणांशी खेळायची. तिला टीप घालायला आजीनेच शिकवले.

आणि मग शेजारच्या देशावर आमच्या फौजा चालून गेल्या.

त्या घरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगते. त्या घटनेबद्दल तिघेजण तीन नावांनी बोलत. रायसा टीव्हीवर सांगत तसे 'मोहीम' म्हणे. उल्या 'युद्ध' म्हणे, खरे तर तो शब्द उघड उच्चारायला बंदी होती. आणि वालेरी म्हणे 'हे सगळं'. देशाच्या प्रमुखाबद्दलही तसेच. रायसा 'ते' म्हणे, उल्या 'तो' म्हणे, आणि वालेरी 'वरचे लोक' म्हणून मोकळा होई.

एका रात्रीच्या जेवणाला कोबीचे सूप होते. टीव्ही चालू होता. उल्याने उठून तो बंद केला. रायसाने पुन्हा लावला.

"तुला ते दिवस माहीत नाहीत, म्हणून तू बोलतेस," रायसा म्हणाली. "मी बर्फात उभी राहिलेय. त्यांनी आम्हाला त्यातून वर काढलं."

"काढलं असेल, आजी. पण मी जन्मले त्याच्या आधीपासून तोच आहे. तुला निदान आधीचं काहीतरी आठवतं. मला काय आठवणार?"

"आधीचं आठवू नये म्हणूनच तर म्हणते."

"सूप गार होतंय," वालेरी म्हणाला.

त्या घरात असे सूप पुष्कळदा गार झाले.

पहिल्या शरद ऋतूत गावातल्या बायकांनी सैनिकांसाठी शिवणकामाचा गट सुरू केला. निनेल साव्हेल्येव्ना ही त्याची प्रमुख. ती गिरणीत शिलाई तपासणीस होती, रायसाची चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि तिचा नातू कोस्त्या आघाडीवर होता. कापड कापून घरोघर जाई, बायका शिवत, दर गुरुवारी निनेल ते गोळा करी. आमच्याकडे जखमींच्या विजारी आल्या. दोन्ही बाजूंनी उघड्या, चिकटपट्टीने बंद करायच्या, म्हणजे निजलेल्या माणसाला उचलावे न लागता घालता याव्यात. रायसा पंचाहत्तरीला आली होती, तरी सकाळपासून माझ्यापुढे बसे. कोणालातरी आपली गरज आहे, हे तिला पुष्कळ वर्षांनी वाटत होते. मलाही वाटत होते. खोटे कशाला बोलू?

उल्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. जिल्ह्याच्या इस्पितळात तिची नेमणूक शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाली. वसंताच्या सुरुवातीला ती एके दिवशी घरी आली आणि कोट न काढता म्हणाली की, आज मी तुझी विजार पाहिली. एकोणीस वर्षांचा मुलगा होता, तिच्याच शाळेतला. दर तेराव्या टाक्याला सुटलेला दोरा बघून तिने ती ओळखली होती.

रायसाचा चेहरा उजळला. "नीट बसते का गं? मांडीत घट्ट तर होत नाही ना?"

"डाव्या बाजूला नाही होत, आजी," उल्या म्हणाली. "तिथे पायच नाहीये."

रायसा पुन्हा माझ्याकडे वळली. मग तिने टीप संपवली आणि दोरा तोडला. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक विजारीच्या दोन्ही पायांना आतून एकेक नाडी लावू लागली, रिकामा पाय दुमडून बांधता यावा म्हणून. तसे करायला कोणी सांगितले नव्हते. पण मोहिमेबद्दल तिचे मत बदलले असे समजू नका. बदलले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी रायसा कापड आणायला गेली होती. उल्याने एक जुनी पांढरी चादर फाडून तिच्या पट्ट्या केल्या, निळा दोरा ओवला आणि माझ्यापुढे बसली. प्रत्येक पट्टीवर ती एकच शब्द शिवत होती. त्यांच्या भाषेत तो तीन अक्षरांचा आहे, 'मीर'. त्याचा अर्थ शांतता. बहुतेक सरळ रेघांची अक्षरे आहेत, मशीनवर सहज जमतात. तिचे पाय भराभर चालत होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. अशा चाळीस पट्ट्या झाल्या. रविवारी सकाळी लोकांना त्या नदीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, कठड्याला ओळीने बांधलेल्या दिसल्या.

पुढच्या गुरुवारी निनेल विजारी न्यायला आली. चहा घेतला नाही. पिशवीतून एक पांढरी पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली आणि शेजारी मी शिवलेली विजार पसरली.

"पोलीस ठाण्यातल्या कॅप्टन ल्यादोवनं दिली," ती म्हणाली. "म्हणाला, तुम्ही बायका कापडातल्या जाणकार, बघा काही कळतं का. रायसा, मी चाळीस वर्षं शिलाई तपासली आहे."

रायसाने चष्मा लावला. दोन्ही कापडांवर बोट फिरवले. बाराव्या टाक्यानंतर दोरा लांब पडला होता, इथेही आणि तिथेही. त्या क्षणापर्यंत तिला काही ठाऊक नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

"माझीच आहे," ती म्हणाली. "मी शिवली."

"तू?"

"हो."

निनेलने तिच्याकडे नीट पाहिले. "माझा कोस्त्या तिकडे खंदकात बसलाय. आणि इथे त्याची चेष्टा करणारे झेंडे लावायचे?"

"त्यावर काय लिहिलंय ते वाच, निनेल. त्यात कोस्त्याबद्दल वाईट काही आहे?"

निनेल उठली. पट्टीची घडी करून तिने ती पिशवीत ठेवली. दाराशी थांबून, पाठमोरीच, ती म्हणाली, "मला ल्यादोवला उत्तर द्यायला लागेल. मी उद्या संध्याकाळी देईन. आज माझं डोकं दुखतंय."

मित्रांनो, त्या बाईला मी वाईट म्हणू शकत नाही. तिने एक दिवस दिला. आणि साक्ष मीच दिली होती. माझ्या मोडक्या टाक्याने त्या पोरीचे नाव सांगितले होते.

संध्याकाळी उल्या आली तेव्हा वालेरीही घरात होता. रायसा इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. तिने उल्याला काय काय म्हटले ते सगळे मी सांगणार नाही. तू नव्हे, तुझ्या फोनमधले परके लोक बोलतायत, असे म्हटले. ज्या हातांनी तुला वाढवले त्या हातांचे मशीन तू चोरून वापरलेस, असेही म्हटले.

"तुझं मशीन त्याच्यासाठी चालतं तेव्हा ते चोरून नसतं, नाही का?" उल्या म्हणाली.

"मी त्यांच्यासाठी नाही शिवत. मी पोरांसाठी शिवते."

"मीही पोरांसाठीच शिवलं, आजी."

रायसाने हात उगारला आणि तो तसाच राहिला. मग ती खुर्चीवर बसली. तेवढ्यात वालेरी बोलला. आयुष्यभर ज्याने सूप गार होण्यापलीकडे काही म्हटले नव्हते, तो म्हणाला, "उल्या, सामान बांध. उद्या सकाळी मी आजारी आहे, कामावर जाणार नाही. तुला सीमेपर्यंत मी सोडतो. आई, तिच्यासाठी जेवण बांधून दे."

सकाळी सात वाजता ते कझाकस्तानच्या दिशेने निघाले. रायसाने उकडलेली अंडी, ब्रेड आणि कोबीच्या पुऱ्या बांधून दिल्या. उल्या मिठी मारायला आली तेव्हा ती चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. गाडीचा आवाज गेल्यावर मात्र ती खिडकीशी धावली. तोपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

शनिवारी कॅप्टन ल्यादोव आला. चाळिशीचा, थकलेला माणूस. त्याची आई एकेकाळी गिरणीत रायसाच्या शेजारच्या मशीनवर बसायची. लष्कराची बदनामी केल्याचा गुन्हा आहे, नातीला बोलवा, असे त्याने सांगितले.

"ती इथे नाही. आणि तिचं काय काम? पट्ट्या मी शिवल्या."

"रायसा प्रोकोफ्येव्ना, उगाच कशाला..." ल्यादोवने वडिलांच्या नावासकट, मानाने हाक मारली.

"मी सात वर्षांची होते तेव्हा शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत हाच शब्द लिहिलेला होता. एक मेच्या मिरवणुकीत आम्ही तो रंगवून न्यायचो. बाईंनी मला शाबासकी दिली होती. तो शब्द वाईट कधीपासून झाला, कॅप्टन? आम्हाला कोणी कळवलं नाही."

ल्यादोवने जमिनीकडे पाहिले. तिचा जबाब त्याने लिहून घेतला नाही. मात्र पुरावा म्हणून त्याने मला नेले. दोन माणसांनी मला जिन्यावरून उतरवले. रायसा प्रत्येक वळणावर सांगत होती, भिंतीला लागू देऊ नका, हळू.

ठाण्याच्या तळघरात मी पाच महिने होते. माझ्या शेजारी चोरीच्या सायकली आणि एक फुटलेली गिटार होती. भिंतींना ओल होती. माझ्या चाकाला गंज चढला, वादी सैल पडली, बॉबिनमध्ये निळा दोरा तसाच अडकून राहिला. यंत्राला काम नसले की ते झिजत नाही, असे लोकांना वाटते. ते खरे नाही. वापरात असलेल्या यंत्राला निदान कोणीतरी रोज हात लावतो.

सप्टेंबरात ल्यादोवनेच मला परत आणले. रायसाने मला खिडकीपाशी ठेवायला लावले. मग त्याने एक कागद पुढे केला, इथे सही करा म्हणाला. त्यावरून मला कळले की मधल्या काळात रायसाने पत्र लिहिले होते. कोणाला? थेट देशाच्या प्रमुखाला. तिची पक्की समजूत होती की वर बसलेल्या त्यांना खालच्यांचे उद्योग कळत नाहीत, आणि कळले तर ते असे होऊ देणार नाहीत. चार पाने तिने आपल्या अक्षरात लिहिली होती. बर्फातले दिवस, नवरा, जिन्यातला बल्ब, विजारी, नाड्या, आणि शेवटी नातीला घरी येऊ द्यावे एवढी विनंती.

"तुमच्या तक्रारीची दखल घेऊन वस्तू परत केली आहे, असं यात लिहिलंय," ल्यादोव म्हणाला. "नातीचा गुन्हा तसाच राहील."

रायसाने खालची सही पाहिली. "ही तर तुमची सही आहे."

"हो."

"मी तुम्हाला लिहिलं नव्हतं."

"मला माहीत आहे. पण येतं ते माझ्याकडेच."

"म्हणजे त्यांनी वाचलं नाही?"

ल्यादोवने टोपी हातात फिरवली. "सही करा, रायसा प्रोकोफ्येव्ना."

तिने सही केली. तो गेल्यावर तिने तेलाची बाटली आणली आणि तीन दिवस माझा एकेक भाग पुसून काढला. त्या तीन दिवसांत तिने टीव्ही लावला नाही. चौथ्या दिवशी लावला, पण आवाज बारीक ठेवला.

निनेल पुन्हा घरात आली नाही. पण गुरुवारी दाराबाहेर कापलेल्या विजारींचे गाठोडे ठेवलेले असे. रायसा ते उचलून आत आणी, शिवी आणि परत दाराबाहेर ठेवी. जिन्यात भेट झाली तर दोघी तब्येतीची चौकशी करत आणि आपापल्या वाटेने जात. कोस्त्या परत आला की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. रायसाने विचारले नाही, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती.

दर रविवारी उल्याचा फोन येई. ती सीमेपलीकडच्या एका शहरात दवाखान्यात काम करत होती. फोन माझ्या फळीवर ठेवून रायसा बोले, म्हणून मला ऐकू येई. दोघी हवापाण्याबद्दल बोलत, वालेरीच्या पाठदुखीबद्दल बोलत. एका विषयाला त्या लांबून वळसा घालत. मार्चमध्ये निवडणूक आली तेव्हा मात्र उल्याने विचारले.

"आजी, तू अजूनही त्यालाच मत देणार?"

रायसाने माझ्या फळीवरचे दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले.

"मला विचारू नकोस," शेवटी ती म्हणाली. "माझी पंचाहत्तरी उलटली, उल्या. ते चुकले असतील, तर मग मी इतकी वर्षं कुणाचे उपकार मानत होते?"

पलीकडून टोमणा आला नाही. उल्या रडत असावी. "बरं," ती म्हणाली. "नाही विचारत. जेवलीस का?"

मतदानाच्या दिवशी रायसाने चांगला कोट घातला, लिपस्टिक लावली आणि गेली. तासाभराने परतली. कोट न काढता खुर्चीवर बसून राहिली. वालेरीने विचारले नाही, तिने सांगितले नाही. कोणाच्या नावापुढे खूण केली, की कोणाच्याच नावापुढे केली नाही, मला माहीत नाही. मित्रांनो, ज्या बाईचा प्रत्येक सुस्कारा मी साठ-सत्तर वर्षे ओळखत आले, तिच्या मनातले त्या दिवशी मला कळले नाही.

मग ती उठली. कपाटातून तिने फुलांचे उबदार फ्लॅनेल काढले आणि उल्यासाठी रात्री घालायचा गाऊन कापायला घेतला. वालेरी पुढच्या महिन्यात सीमेपर्यंत जाऊन तो देणार होता. माप जुनेच होते. पोर आता वाळली असेल की अंगाने भरली असेल, तिला कसे कळणार? म्हणून तिने दोन्ही कडांना चांगले दोन-दोन बोटे जास्तीचे कापड आत ठेवले, पुढे हवे तर उसवून मोठे करता यावे म्हणून. तुमच्या मराठीत त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मी आजवर इतके शिवले, पण त्याला याहून चांगले नाव मला सापडले नाही.

तुमच्या घरातही कोणी आजी असेल, तिचे म्हणणे तुम्हाला पटत नसेल. पटवून घेऊ नका. उल्यानेही घेतले नाही, आणि ती बरोबर होती असेच मला वाटते. पण आजीला कशाची भीती वाटत आली, ते एकदा विचारा. तिने सांगितले नाही तर पुन्हा विचारा. आणि तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती कात्री येईल, तेव्हा अगदी मापाला मापच कापू नका. रायसा आज गाऊनची दुसरी बाजू शिवते आहे. मी जपून चालते आहे, टीप सरळ जावी म्हणून. आत दोन बोटे माया आहे.